निराधारांचे छप्पर : श्रीसंत गाडगे महाराज

मार्गशीर्ष सरून पौष लागला म्हणजे आपल्या खानदेशात उत्तरेचे वारे वाहू लागतात. सातपुड्याच्या पायथ्याचे हे तापीचे खोरे उन्हाळ्यात जितके तापते, तितकेच हिवाळ्यात गारठते. आकाश निरभ्र, हवा कोरडी. त्यामुळे दिवसभर तापलेली काळी जमीन सूर्य मावळताच आपली ऊब गमावून बसते आणि पहाटेपर्यंत पारा झरझर उतरतो. धुळ्यास तो कित्येक वर्षी ५-६ अंशांपर्यंत, प्रसंगी त्याहीखाली गेलेला आहे. रावेर-यावलकडील केळीचे बागायतदार अशा रात्री बागेच्या कडेने काडीकचरा पेटवून धूर करतात, घडांना आच्छादन घालतात. कारण गारठ्याने केळीची वाढ खुंटते हे त्यांस पक्के ठाऊक असते. केळीच्या घडास पांघरूण मिळते हे योग्यच होय. परंतु त्याच रात्री रेल्वे स्थानकाबाहेर, बसस्थानकाच्या आडोशास, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर आणि पुलाखाली गोणपाट ओढून जी माणसे पडलेली असतात, त्यांची काळजी कोणी वाहावयाची, हा प्रश्न आपणांपैकी फार थोड्यांच्या मनात येतो.

ज्या एका महापुरुषाच्या मनात हा प्रश्न आयुष्यभर जागता राहिला, तो आपल्याच परीट समाजात जन्मास आला होता. श्रीसंत गाडगे महाराज यांची पुण्यतिथी २० डिसेंबर रोजी, म्हणजे नेमकी या थंडीच्या तोंडावर येते. त्या दिवशी आपण गावोगाव प्रतिमापूजन करतो, हाती खराटा घेऊन रस्ते झाडतो, मुलांना बक्षिसे वाटतो. बाबांचा खराटा सर्वांस ठाऊक आहे. त्यांनी बांधलेली छपरे मात्र तितकी ध्यानात राहिलेली नाहीत. म्हणून प्रस्तुत लेखात त्यांचे चरित्र त्या एका धाग्याने सांगण्याचे योजिले आहे.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात झाला. वडील झिंगराजी, आई सखूबाई. घराण्याचा धंदा परिटाचा. घरात सुरुवातीस हलाखी नव्हती. परंतु झिंगराजींना मद्याचे व्यसन जडले आणि त्या व्यसनाने आधी घरातील चीजवस्तू गेली, मग घराचे घरपण गेले व शेवटी खुद्द त्यांचा देह गेला. तेव्हा डेबू अवघा आठ वर्षांचा होता. सखूबाईंनी मुलास पदराखाली घेऊन माहेरची वाट धरली आणि मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे, भाऊ चंद्रभान यांच्या घरी त्या राहू लागल्या. भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अकोल्यापुढे मूर्तिजापूर स्थानक लागते. त्याच मुलखातील हे गाव. परक्याच्या छपराखाली, मग ते सख्ख्या मामाचे का असेना, राहणे म्हणजे काय, हे डेबूस अशा रीतीने बालपणीच कळले.

मामांकडे त्याने गुरे राखली, गोठा झाडला, औत धरले. थोड्याच वर्षांत तो पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणारा, अंगापिंडाने दणकट असा शेतकरी झाला. १८९२ साली कुंताबाईंशी त्याचा विवाह झाला. परंतु सावकारी कर्जाच्या पाशात मामांची जमीन सापडली आणि घाम गाळून पिकविलेले शेत कागदाच्या चिटोऱ्यावर परक्याचे कसे होते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. अक्षरशत्रुत्व, कर्ज आणि दारू या तिन्ही वाटा अखेरीस माणसास घराबाहेर नेऊन सोडतात, हे ज्ञान त्यास कोणत्याही ग्रंथातून मिळालेले नव्हते. म्हणूनच मुलीच्या बारशास जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू व मटण न देता त्याने गोडाचे जेवण घातले. भाऊबंद नाराज झाले, परंतु डेबूजी ढळला नाही. ज्या चालीने आपल्या बापाचे घर बुडाले, ती चाल आपल्या घरात पुन्हा शिरू द्यावयाची नाही, असा त्याचा निश्चय होता.

१ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे डेबूजीने घर सोडले. तेव्हा त्याचे वय २९ वर्षांचेही नव्हते. वऱ्हाडात त्या दिवसांत पहाटेची थंडी अजून ओसरलेली नसते. अंगावर फाटके वस्त्र, हाती काठी आणि एक मातीचे गाडगे, एवढ्यावर तो निघाला. ज्याचे घर गेले त्याने घरासाठी धडपडावे, हा जगाचा रिवाज. पण असलेले घर जाणूनबुजून मागे टाकून निराधारांच्या पंगतीस जाऊन बसणारे विरळा. कुटुंबाच्या दृष्टीने पाहता तो आघातच होता, हेही येथे प्रांजळपणे म्हटले पाहिजे. कुंताबाईंनी व वृद्ध सखूबाईंनी त्यानंतर जे सोसले, त्याचा वाटा बाबांच्या पुण्याईत मोठा आहे.

पुढील सुमारे बारा वर्षे भ्रमंतीची होती. या काळात डेबूजी कोणाच्या ओटीवर, कोणा झाडाखाली, कधी देवळाच्या आवारात, कधी नदीकाठी निजला. भाकरी मागावी तर आधी काम करावे, असा त्याचा नेम असे. कोणाची लाकडे फोडून द्यावी, कोणाचे अंगण झाडावे, आणि मिळालेली कोरभाकर त्याच गाडग्यात घेऊन खावी. चिंध्या जोडून केलेली गोधडी हेच वस्त्र आणि हेच पांघरूण. त्यावरून कोठे त्यास गोधडेबुवा म्हणत, कोठे चिंधेबुवा म्हणत. गाडग्यामुळे पडलेले गाडगेबाबा हे नाव अखेरीस सर्वत्र रूढ झाले. कित्येक ठिकाणी त्यास वेडा समजून हाकलून देण्यात आले. देवळात निजावे तर पुजारी उठवी, ओसरीवर निजावे तर मालक जात विचारी. ही विचारणा त्याने वर्षानुवर्षे सोसली. पुढे बाबांनी जी कामे केली, त्यांचा पाया या बारा वर्षांत घातला गेला. थंडीच्या रात्री उघड्यावरील माणसास काय हवे असते, हे त्यांनी अंदाजाने ठरविले नाही. ते त्यांच्या हाडांस ठाऊक होते.

पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन म्हणून क्षेत्र आहे. तेथे पौष महिन्यात रविवारी यात्रा भरते. स्नानास उतरणाऱ्या लोकांना, विशेषतः म्हाताऱ्यांना व बायकांना, चिखलाच्या घसरणीवरून जावे लागे. बाबांनी कोणाची वाट न पाहता स्वतः माती वाहून उतार बांधावयास घेतला. लोक आधी हसले, मग हातभार लावू लागले आणि कालांतराने तेथे घाट उभा राहिला. याच यात्रेत बाबा आंधळ्या, पांगळ्या व रोगजर्जर भिकाऱ्यांना पंगतीस बसवून जेवू घालीत आणि त्यांस वस्त्रे व घोंगड्या वाटीत. महिना पौषाचा, जागा नदीकाठची आणि जमलेले लोक ज्यांस घरदार नाही असे. अन्नाबरोबर पांघरूण दिले पाहिजे, हे सुचण्यास त्या गारठ्यात स्वतः निजलेला माणूसच हवा होता.

तथापि घोंगडी एका हिवाळ्यापुरती. छप्पर अनेक हिवाळ्यांस पुरते. म्हणून बाबांची दृष्टी धर्मशाळांकडे वळली. पंढरपुरी आषाढी-कार्तिकीस लाखो वारकरी जमत. ज्यांस ऐपत होती ते बडव्यांच्या वाड्यांत वा आपापल्या मठांत उतरत. गरीब वारकरी वाळवंटात पडून राहत. त्यांतही अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांची दशा सर्वांत वाईट. त्यांस देवळात प्रवेश नव्हता तो नव्हताच, परंतु रात्री डोके टेकण्यासही जागा नव्हती. कार्तिकीच्या दिवसांत चंद्रभागेचे वाळवंट रात्री किती गार पडते, हे जो निजला आहे त्यास विचारावे. १९१७ च्या सुमारास बाबांनी या लोकांसाठी चोखामेळा धर्मशाळेचे काम हाती घेतले आणि १९२० पर्यंत ती उभी राहिली. विठ्ठल मंदिराचे दार अस्पृश्यांस उघडले ते १९४७ साली, अमळनेरच्या शाळेत ज्यांनी एके काळी शिकविले त्या सानेगुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे देवाचे दार उघडण्याच्या पाव शतकाहून अधिक काळ आधी बाबांनी माणसास निजावयाची जागा करून दिली होती. पुढे १९४९ साली ही धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, ती विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी. जी वास्तू एका पिढीस निवारा झाली, ती दुसऱ्या पिढीस विद्येचे घर व्हावी, हा विचार त्यामागे होता.

यानंतर नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर अशा ठिकठिकाणी धर्मशाळा, अन्नछत्रे, शाळा व वसतिगृहे उभी राहिली. त्यांची संख्या शंभराच्या पुढे जाते. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी या सर्व कार्याची व्यवस्था पाहण्यासाठी श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. मुंबईस जे. जे. रुग्णालयाजवळ १९५४ साली जी धर्मशाळा झाली, तिचे मर्म आपल्या जळगाव-धुळ्याच्या कुटुंबांस अधिक सांगावयास नको. आजारी माणसास घेऊन मुंबईस गेलेल्या खेड्यातील मनुष्याची अवस्था मोठी बिकट असते. रुग्णास खाट मिळते, परंतु त्याच्याबरोबर आलेली बायको वा आई फूटपाथवर पडते. तिचे गावी घर आहे, शेत आहे. तरी त्या महानगरात ती बेघरच. बाबांनी बेघर या शब्दाचा हा अर्थ ओळखला. त्यांच्या पश्चात दादर येथे कर्करोगाच्या रुग्णांसाठी व त्यांच्या आप्तांसाठी त्यांच्याच नावाने जी धर्मशाळा चालू झाली, ती याच विचाराची शाखा होय.

बाबांच्या धर्मशाळांचे निरीक्षण केल्यास काही गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, त्या माणसांच्या पायांखाली आहेत. जेथे गरजवंत जमतो तेथेच, देवळाशेजारी, नदीकाठी वा रुग्णालयापाशी. गावाबाहेर स्वस्त जमीन मिळते म्हणून बांधलेला निवारा कितीही चांगला असला तरी थकलेला माणूस रात्री तेथवर जात नाही. दुसरी गोष्ट स्वच्छतेची. भिकाऱ्यास काहीही चालते, असे बाबांस कधी वाटले नाही. गरिबासाठीची जागा श्रीमंताच्या वाड्याइतकीच झाडलेली हवी, असा त्यांचा आग्रह असे. तिसरी गोष्ट, नुसत्या छपरावर ते थांबत नसत. पाण्याची, चूल पेटविण्याची, गाठोडे ठेवण्याची सोय ते पाहत. आणि चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. निराधारांस अन्न व आसरा देताना त्याची जात विचारावी, हे बाबांना कदापि मान्य नव्हते.

इतकी छपरे ज्याने उभारली, तो स्वतः त्यांपैकी एकाही छपराखाली राहिला नाही. धर्मशाळेच्या पायाभरणीस बाबा घमेले उचलीत, आणि इमारत पुरी झाली की बाहेर झाडाखाली आपली चिंध्यांची गोधडी पसरून निजत. वर्गणीचा पैसा हाती न ठेवता विश्वस्तांच्या स्वाधीन करीत, आणि त्या संपत्तीवर आपला वा आपल्या नातलगांचा कोणताही हक्क त्यांनी ठेवला नाही. कुंताबाई मूर्तिजापुरास साध्या झोपडीत राहिल्या. लाखोंच्या धर्मशाळा पतीच्या शब्दावर उभ्या राहत असता त्यांच्या डोईवर कुडाचे छप्पर होते. १९२३ साली एकुलता मुलगा गोविंद गेला. ती वार्ता बाबांस कीर्तनात उभे असताना कळली, आणि त्यांनी कीर्तन थांबविले नाही. ही कठोरता सर्वांस रुचेल असे नाही. परंतु सार्वजनिक पैशाच्या बाबतीत घरच्या माणसास दारात उभे न करण्याचा जो कडक दंडक त्यांनी पाळला, त्यामुळेच शेटसावकारांनी व शेतकऱ्यांनी सारख्याच विश्वासाने त्यांच्या कार्यास पैसा दिला, हे विसरता येत नाही.

बाबांच्या नावाने जी दशसूत्री प्रसिद्ध आहे, तीत भुकेल्यास अन्न, तहानलेल्यास पाणी, उघड्यानागड्यास वस्त्र, गरिबांच्या मुलांस शिक्षण यांच्या मागोमाग बेघरांस आसरा येतो. हा क्रम मोठा अर्थपूर्ण आहे. पोट व अंग यांची व्यवस्था लागल्यावर, आणि रोग, बेकारी व निराशा यांच्या आधी, डोईवरच्या छपराचा विचार केलेला आहे. ज्यास रात्री निजावयास ठिकाण नाही, तो सकाळी कामावर उभा राहू शकत नाही आणि औषधानेही बरा होत नाही, हे बाबांनी रस्त्यावर पाहिलेले होते.

१९५६ च्या डिसेंबरात बाबांची प्रकृती फारच खालावली. ६ तारखेस बाबासाहेब गेल्याचे दुःख त्यांच्या मनावर होते. २० डिसेंबर रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, त्यांस मोटारीतून अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. वय ८० वर्षांचे. थंडीच्या रात्री, प्रवासात, कोणत्याही घराच्या छपराबाहेर त्यांचा देह पडला. अमरावतीस त्यांची समाधी आहे, आणि तेथील विद्यापीठास २००५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

बाबांच्या निधनानंतर अर्धशतक उलटले, तेव्हा देशातील सर्वोच्च न्यायालयास हाच प्रश्न हाती घ्यावा लागला. २०१० च्या जानेवारीत दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत उघड्यावरील माणसांचे हाल न्यायालयापुढे आले, आणि शहरांनी अशा लोकांसाठी निवारे उभारलेच पाहिजेत, अशी दिशा त्यातून मिळाली. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात शहरी बेघरांच्या निवाऱ्याची स्वतंत्र योजना आली. दर लाख लोकवस्तीमागे किमान १०० माणसांची सोय, प्रत्येकास सुमारे ५० चौरस फूट जागा, बाराही महिने व आठही प्रहर उघडे दार, अंथरूण-पांघरूण, पाणी, स्नानगृह, शौचकूप आणि सामान ठेवावयास जागा, असे तिचे मान ठरले. हे वाचताना बाबांच्या धर्मशाळेचे वर्णन वाचतो आहोत असाच भास होतो. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहराची वस्ती साडेचार लाखांहून अधिक व धुळे शहराची पावणेचार लाखांवर होती. त्या मानाने पाहता जळगावास साडेचारशेहून अधिक आणि धुळ्यास पावणेचारशे माणसांची सोय हवी. त्याच जनगणनेत महाराष्ट्रात २ लाखांहून अधिक बेघर नोंदले गेले. आणि ती मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली होती, जेव्हा थंडीचा जोर ओसरलेला असतो.

निवारा बांधणे हे नगरसंस्थेचे कर्तव्य खरेच. परंतु निवाऱ्याचे दार उघडे असूनही माणूस थंडीत बाहेर का पडून राहतो, याचे उत्तर बाबांच्या चरित्रात आहे. त्यास वाटते, आत कागद मागतील, नाव-गाव विचारतील, गाठोडे चोरीस जाईल, पहाटे कामाच्या नाक्यावर पोचता येणार नाही. सातपुड्यातून मजुरीसाठी उतरलेला आदिवासी, मुलाने घराबाहेर काढलेला म्हातारा, मनाने खचलेली एकटी स्त्री, यांस हात धरून दारापर्यंत नेणारा कोणी तरी लागतो. ते काम कोणत्याही शासकीय आदेशाने होत नाही.

समाजबंधूंनो व भगिनींनो, आपल्या वाडवडिलांनी पांझरा, गिरणा व बोरी यांच्या पात्रांत ऐन हिवाळ्याच्या पहाटे गुडघाभर पाण्यात उभे राहून लोकांच्या गोधड्या, चादरी व रजया धुतल्या आहेत. परक्याचे पांघरूण धुताना स्वतःचे हात बधिर होणे म्हणजे काय, हे आपल्या घराण्यांस सांगावयास नको. त्या समाजात बाबा जन्मले याचा आपणांस अभिमान आहे. परंतु हा अभिमान बाळगताना एक प्रश्न स्वतःस विचारणे प्राप्त आहे. ज्या ज्या गावी आपल्या समाजाचे सभागृह आहे, तेथे लग्नसराई सरल्यावर किती रात्री कुलूप असते? आणि थंडीच्या रात्री दारी कोणी आला, तर आपण आधी आडनाव विचारतो की आधी दार उघडतो? बाबांच्या प्रतिमेस हार घालणारे हात या प्रश्नाने थोडे थबकले, तर ते योग्यच होईल.

पुण्यतिथीस घोंगड्या वाटण्याची प्रथा स्तुत्य आहे. ती चालू राहावी. परंतु वाटप सभामंडपात, छायाचित्रासाठी रांग लावून होऊ नये. ते रात्री दहानंतर, जेथे माणूस निजला आहे तेथे जाऊन व्हावे. प्रत्येक शाखेच्या तरुणांनी आपल्या शहरातील निवारा कोठे आहे, त्यात किती जागा आहे, स्त्रियांची वेगळी सोय आहे की नाही, हे आधी स्वतः जाऊन पाहावे. तेथे पाणी नसेल, चादरी मळक्या असतील, तर नगरसंस्थेकडे अर्ज करावा. आणि चादरी धुऊन देण्याचे काम आपल्या समाजाने आनंदाने अंगावर घ्यावे. त्या कामात आपला हातखंडा आहे. ज्यास निवाऱ्यात जाण्याची भीती वाटते, त्याच्याबरोबर दोन माणसांनी दारापर्यंत चालत जावे. आणि जेथे निवारा पुरेसा नाही, तेथे पौषाच्या चार कडक आठवड्यांपुरते तरी आपल्या सभागृहाचे दार रात्री उघडे ठेवावे, आधी झाडून, अंथरूण घालून, जात न विचारता.

बाबा त्या सभागृहात आले असते तर आत निजले नसते. त्यांनी बाहेरची पडवी झाडली असती, आत आलेल्यांस पांघरूण पुरले की नाही ते पाहिले असते, आणि पहाटेपूर्वी पुढच्या गावाची वाट धरली असती.